पवळे सरांची आठ मशिनं

कॉलेजचं नाव बदललेलं होतं, म्हणून अजिम मुलाणीच्या आधी लक्षातच आलं नाही. त्याच्या शेठनी, हिंदुरावांनी, मोबाइलवर पाठवलेल्या पत्त्यात कुठल्याशा विद्यापीठाचं लांबलचक इंग्रजी नाव होतं आणि खाली ताथवडे. ताथवड्यात कॉलेजांना काय तोटा. पण मोटरसायकल हायवे सोडून आत वळली, पाण्याच्या टाकीपाशी आली, आणि डाव्या हाताला काचेच्या नव्या इमारतीमागून लाल विटांचा जुना भाग डोकावला, तेव्हा त्याचा हात आपोआप ब्रेकवर गेला. सतरा वर्षांपूर्वी डिप्लोमाचा शेवटचा निकाल हातात घेऊन तो इथूनच बाहेर पडला होता. त्यानंतर एकदाही आला नव्हता. यायचं काही कारणच पडलं नव्हतं.

गेटवरच्या वॉचमननं विचारलं, "काय काम?"

"वर्कशॉपची मशिनं बघायचीत. भोसरीच्या शेडकडून आलोय."

वॉचमननं रजिस्टरमध्ये नाव लिहिलं, गाडीचा नंबर लिहिला आणि कामाच्या रकान्यात 'भंगारवाला' असं लिहून रजिस्टर सहीसाठी पुढं केलं. अजिमनं वाचलं आणि सही केली. मे महिना होता, सकाळचे साडेनऊच वाजले होते, तरी शर्ट पाठीला चिकटला होता. कंबर तर तळेगावातून निघतानाच भरून आली होती.

अजिम तळेगाव दाभाड्याचा. त्याचे वडील मीरासाहेब मिरजेकडून इकडं आले आणि तळेगाव स्टेशनजवळ त्यांनी मोटर रिवाइंडिंगचं छोटं दुकान टाकलं. जळालेल्या मोटरी उघडायच्या, काळी पडलेली तार काढायची, नवी भरायची, वार्निशमध्ये बुडवायची. त्या वार्निशनं त्यांची बोटं कायमची पिवळी झाली होती. पोरानं हे करू नये, कंपनीत जावं, एवढंच त्यांचं म्हणणं. अजिमला दहावीला बरे मार्क पडले तसं त्यांनी त्याला मेकॅनिकल डिप्लोमाला घातलं. तीन वर्षं तो सकाळच्या लोकलनं आकुर्डीला उतरून तिथून ताथवड्यापर्यंत चालत यायचा आणि संध्याकाळी परत जाऊन दुकानात बसायचा.

नंतर चाकणला एका मोठ्या कंपनीत लागला. गिअरबॉक्सची झाकणं मशीन करायची लाइन होती. ऑपरेटर, मग सेटर, मग शिफ्टचा इनचार्ज. चौदा वर्षं इंदोरीच्या रस्त्यानं कंपनीची बस त्याला नेत-आणत राहिली. लग्न झालं, मुलगी झाली, मीरासाहेब वारले, दुकान बंद झालं. मग एक दिवस मीटिंग घेऊन सांगण्यात आलं, की नव्या गाड्या बॅटरीवरच्या आहेत, त्यांना ही झाकणं लागत नाहीत. कुणी कुणाशी वाईट वागलं नाही. गाडीच बदलली, त्याला कोण काय करणार. पुढचे आठ महिने अजिम मुलाखती देत फिरला. सगळीकडं माणसं चांगली बोलायची आणि त्याचं वय विचारायची.

शेवटी हिंदुराव पिसाळांनी त्याला घेतलं. हिंदुराव मूळचे कराडकडचे. भोसरीत त्यांची जुन्या मशिनांची शेड. बंद पडलेल्या कारखान्यांतली मशिनं उचलायची, चालणारी असतील ती रंगवून विकायची, बाकीची मोडून त्यांचं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, फाउंड्रीला वितळायला घालायचं. कुठलं चालेल आणि कुठलं मोडायचं हे सांगायला त्यांना जाणता माणूस हवा होता. दोन वर्षं अजिम तेच काम करत होता. मशीन बघायचं, हात फिरवायचा आणि मोडायचं असेल तर खडूनं फुली मारायची, विकायचं असेल तर गोल काढायचा.

या कॉलेजच्या बाबतीत मात्र हिंदुरावांनी आधीच सांगितलं होतं, "भावा, बघायचं काही नाही. समदी जुनी लेथ आहेत. चार दिवसांत हॉल मोकळा करून द्यायचाय. उचलायची आणि मोडायची."

वर्कशॉपचं शटर अर्धं उघडं होतं. वाकून आत गेल्यावर आधी वास आला. कूलंट, ग्रीस आणि जुन्या लोखंडाचा. आत अंधार होता. या हॉलची विजेची लाइन मार्चमध्येच तोडली होती. मेकॅनिकलला तीन वर्षं पोरं मिळत नव्हती म्हणून ती शाखा बंद झाली होती आणि जूनपासून इथं कॉम्प्युटरची लॅब व्हायची होती. वरच्या काचांतून जेवढा उजेड येत होता तेवढ्यात आठ लेथ दोन रांगांत उभी दिसली. पलीकडं फिटिंगची लांब टेबलं, त्यांवर व्हाइस. आणि टेबलाच्या टोकाला, खाकी अ‍ॅप्रन घालून, स्टुलावर एक म्हातारा माणूस.

"तुमी मशिनं न्यायला आलाय व्हय?" त्यांनी विचारलं.

ते पवळे सर होते. मारुतराव पवळे, वर्कशॉप इन्स्ट्रक्टर. ताथवड्यातच जन्मलेले, कॉलेज उभं राहिल्यापासून इथं. केस पांढरे झाले होते, अंग आटलं होतं, पण अ‍ॅप्रनच्या खिशात लोखंडी फूटपट्टी तशीच होती. अजिमनं त्यांना लगेच ओळखलं. त्यांनी त्याला ओळखलं नाही. सांगावं असं त्याच्या मनात आलं, पण कुठून सुरुवात करायची ते सुचेना. मी तुमचा विद्यार्थी, आणि आता तुमची मशिनं उचलायला आलोय. त्यानं म्हटलं, नंतर बघू.

"हो," तो म्हणाला. "आज फक्त बघून जातो. उद्या हायड्रा क्रेन येईल."

सरांनी त्याला एकेका मशिनापाशी नेलं. प्रत्येकावर हात ठेवून ते सांगत होते आणि अजिम मान हलवत होता. चार नंबरच्या लेथपाशी ते थांबले. "हापिसातल्या मॅडम म्हनल्या, कुनाच्या तरी उपयोगाला येतील. कुठं चाललीत ही?"

अजिम म्हणाला, "आयटीआयला. तिकडं मराठवाड्यात."

हे आपण का बोललो ते त्याला कळलं नाही. जीभ आपली आपण वळली. सरांनी मात्र दोनदा मान हलवली. "आयटीआयला व्हय. मग बरं झालं. तितं पोरं तरी शिकतील."

संध्याकाळी देहूरोडच्या सिग्नलला थांबला असताना त्याला सरांचं ते वाक्य पुन्हा ऐकू आलं. घरी जाऊन त्यानं हातपाय धुतले, सादिकानं जेवायला वाढलं. सादिका, त्याची बायको, शिवणकाम करते. त्याचा चेहरा बघून तिनं काय झालं ते विचारलं आणि त्यानं सगळं सांगितलं.

"तुम्ही कोण ते त्यांना सांगितलं नाही?"

"नाही."

"सांगायचं होतं."

"काय सांगू? चौदा वर्षं कंपनीत होतो, आता भंगारात आहे, हे?"

सादिका म्हणाली, "भंगारात आहात ते त्यांना दिसलंच की. सांगायचं राहिलंय ते वेगळंच." आणि ताट उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी तो हायड्रा घेऊन आला. क्रेन भाड्याची होती. ती चालवणारा धनेश लातूरकडचा, तिशीतला, बोलका माणूस. शटर वर करून दोघं आत गेले आणि अजिम जागीच थांबला.

प्रत्येक मशिनाच्या हँडलला पुठ्ठ्याचं एकेक लेबल सुतळीनं बांधलेलं होतं. जुन्या रजिस्टरची पाठकोरी पानं पुठ्ठ्यावर डकवून त्यांवर निळ्या शाईनं, सुवाच्य अक्षरात लिहिलेलं. 'नंबर एक. तेल रोज घालावे. अर्धा कप पुरे.' 'नंबर तीन. टेलस्टॉक अर्धा दोरा बाहेर आहे. टेपर काढताना ध्यानात ठेवावे.' 'नंबर चार. सुरू करताना हेडस्टॉकमध्ये आवाज येतो. घाबरू नये. दोन मिनिटांत जातो.' खाली टेबलावर चक, चाव्या, टूलपोस्ट, सेंटर असं सगळं तेलात भिजवलेल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, ज्या त्या मशिनाच्या नंबरासहित मांडून ठेवलं होतं. रात्रीपर्यंत बसून केलेलं काम होतं ते.

धनेशनं एक लेबल वाचलं आणि हळूच विचारलं, "आपण तर हे मोडायलाव ना?"

"हो."

"मग कामून सांगितलं नाहीस त्यांना?"

अजिमनं फाउंडेशनचे बोल्ट सोडवायला घेतले. पंचवीस-तीस वर्षांचा गंज होता. पान्याला लोखंडी पाइप लावून रेटावं लागत होतं आणि प्रत्येक हिसक्याला कंबरेत कळ जात होती. वाकलेला असताना त्याच्या डोळ्यांसमोर फिटिंगचं टेबल होतं, उजवीकडून तिसरा व्हाइस. पहिल्या वर्षी त्याची जागा तीच होती.

त्या वर्षी सरांनी त्याच्या हातात लोखंडाचा एक ठोकळा आणि कानस दिली होती. चारी बाजू सपाट आणि काटकोनात करायच्या. अजिम कानस मारायचा, सर ठोकळ्याला काटकोनी गुण्या लावून खिडकीकडं धरायचे, मधल्या फटीत डोळा लावायचे आणि म्हणायचे, "उजेड दिसतो." एवढंच. पुन्हा टेबलावर. बाकीच्यांचे ठोकळे दोन-तीन तासिकांत झाले, त्याचा नऊ तासिका चालला. घरी मीरासाहेब आजारी होते, दुकान त्याच्याच अंगावर होतं, हातांना फोड आले होते. नवव्या वेळी सरांनी गुण्या लावला, बराच वेळ पाहिलं आणि ठोकळा पास म्हणून त्यावर पंचनं नंबर ठोकला. पुढं चाकणला पहिल्यांदा सेटिंगला उभा राहिला तेव्हा, आणि नंतर कितीतरी वेळा, त्यानं काम खिडकीकडं धरून पाहिलं होतं. कुणी विचारलं तर सांगायचा, आमचे एक सर होते.

दुपारी दीड वाजता सर डबा घेऊन आले. भाकरी, मेथीची भाजी, कांदा. धनेश बाहेर गाडीच्या सावलीला जाऊन झोपला होता. सरांनी एक भाकरी अजिमच्या पुढं केली. दोघं फिटिंगच्या टेबलाशी बसून खाऊ लागले. दोन घास झाल्यावर अजिम म्हणाला, "सर, मशिनं आयटीआयला नाही चाललेली."

सर चावत होते ते थांबले.

"मोडणार आहेत. त्यांचं बीड फाउंड्रीला जाईल."

"किती?"

"सगळी."

सरांनी खाली बघून हातातली भाकरी संपवली. घाई केली नाही. मग उठून बाहेर नळावर गेले, हात धुतले, अ‍ॅप्रनला पुसत परत आले आणि उभेच राहिले.

"मग काल खोटं कशापायी बोललास?"

"माहीत नाही, सर. दमलो होतो."

"मी काल नऊ वाजेस्तोवर बसलो हितं. टॉर्च लावून."

"दिसलं मला."

"दिसलं म्हनून सांगतोयस?"

"हो. आणि मी इथलाच आहे, सर. दोन हजार सहाची बॅच. अजिम मुलाणी, तळेगाव."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि त्याच्याकडं नीट पाहिलं. अजिम नकळत ताठ बसला.

"मुलाणी," सर म्हणाले. "न्हाई ध्यानात येत."

"तुम्ही मला नऊ तासिका ठोकळा घासायला लावला होता. त्या तिथं, तिसऱ्या व्हाइसवर."

"ते मी समद्यांनाच लावायचो, राव. एका वर्साला दीडशे-दोनशे पोरं. कुनाकुनाला ध्यानात ठेवू?"

हे त्यांनी काही टाकून बोलायचं म्हणून म्हटलं नव्हतं. होतं ते सांगितलं. अजिमला वाईट वाटलं, आणि लगेच जरा हलकंही वाटलं. इतकी वर्षं आपण ज्या नजरेसमोर उभे आहोत असं धरून चाललो, ती नजर आपल्यावर नव्हतीच. त्यानं उरलेली भाकरी खाल्ली.

सर तोवर मशिनांकडं गेले होते. पाठमोरेच म्हणाले, "समदी कशापायी मोडायची? एक, तीन, चार, सहा, आठ, यांच्यात आता काय न्हाई, मलाबी कळतं. पन दोन, पाच आन सात चालत्यात. दोन नंबरवर आजबी बारीक काम व्हतंय. तुला कळत न्हाई व्हय? डिप्लोमा केलायस न्हवं?"

"लाइन नसली तर चालवून कशी दाखवू? आणि चालवून दाखवल्याशिवाय शेठ ऐकायचे नाहीत."

"मग लाइन घे."

अजिमनं हिंदुरावांना फोन लावला. हिंदुराव कुठल्याशा कारखान्यात होते, मागं मोठा आवाज येत होता.

"भावा, परवा हॉल मोकळा करून द्यायचाय. ट्रायल कुठं घेत बसतोस?"

"तीन मशिनं चांगली आहेत. चालू दाखवली तर छोट्या वर्कशॉपवाल्यांकडं खपतील."

"कोण म्हणतंय चांगली आहेत?"

"इथले इन्स्ट्रक्टर. माझे सर आहेत."

"तुझं कॉलेज आहे होय ते? बोलला नाहीस. बरं, उद्या दुपारपर्यंत बघ. मी येतो बाराला. त्याच्यापुढं नाही, हायड्रा काय माझ्या बापाची नाही, भाड्याची आहे."

लाइनची परवानगी नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या मैत्री मॅडमकडून घ्यायची होती. जागेचं सगळं त्याच बघत होत्या. सत्ताविसेक वर्षांची मुलगी, समोर दोन स्क्रीन, बाजूला न प्यालेला चहा, डोळ्यांखाली काळं. बोलायला नीट होती. तोडलेली लाइन पुन्हा जोडायची तर लेखी अर्ज हवा, म्हणाली. अजिमनं कागद मागून घेऊन तिथंच अर्ज लिहिला. हॉलमधील यंत्रे उद्या सकाळी नऊ ते बारा चालवून पाहण्यास तात्पुरता वीजपुरवठा मिळावा. खाली सवयीनं 'आपला विश्वासू' लिहिलं, आणि मग सहीखाली कंसात 'माजी विद्यार्थी, यंत्र विभाग'.

मॅडमनं वाचलं आणि मान वर केली. "तुम्ही इथलेच? मग आमचा माजी विद्यार्थ्यांचा फॉर्म भराल का प्लीज? पुढच्या महिन्यात कमिटी येतेय, आकडा कमी पडतोय." तिनं भिंतीवरचा क्यूआर कोड दाखवला. अजिमनं तो मोबाइलनं स्कॅन केला. नाव, शाखा, वर्ष भरलं. मग आलं, सध्याचं पद. मग, संस्थेबद्दल अभिमान वाटेल अशी कामगिरी. तो जरा वेळ त्या रकान्याकडं बघत राहिला. मॅडमचा फोन वाजला आणि ती बोलायला लागली. त्यानं स्क्रीन बंद करून मोबाइल खिशात ठेवला. मॅडमनं बोलता बोलताच अर्जावर सही केली आणि त्याच्या हातात दिला. भरला का, असं काही विचारलं नाही.

खाली उतरताना त्यानं जुन्या वर्गांच्या बाजूनं चक्कर मारली. ज्या कट्ट्यावर ते बसायचे तिथं आता कॉफीचं मशीन होतं. दोन मुली परीक्षेचं काहीतरी बोलत होत्या. त्यांनी त्याला वाट दिली आणि म्हटलं, "काका, लिफ्ट त्या बाजूला आहे."

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेनवाला कॉलेजच्या इलेक्ट्रिशियननं लाइन जोडली. सर अंघोळ करून, धुतलेला अ‍ॅप्रन घालून आले होते. कानानं त्यांना आता कमी ऐकू यायचं, म्हणून दोन नंबरचं बटण दाबल्यावर त्यांनी तळहात हेडस्टॉकवर ठेवला. मशीन आधी गुरगुरलं, मग एका सुराला लागलं. सरांनी चकमध्ये रॉड बांधला, चावी काढून खिशात घातली, टूल जवळ आणलं. लोखंडाचा निळसर कीस गुंडाळी घेत खाली पडू लागला. धनेश क्रेनवरून उतरून बघायला आला. कापलेला रॉड सरांनी व्हर्निअरनं मोजला आणि व्हर्निअर अजिमच्या हातात दिलं. त्यानं मोजलं. या टोकाला जेवढं तेवढंच त्या टोकाला.

पाच नंबरही चाललं. थोडं थरथरत होतं, पण चाललं.

सात नंबर सुरूच होईना. मोटर घुमायची आणि स्पिंडल जागचं हलायचं नाही. सरांनी गिअरबॉक्सचं झाकण उघडायला लावलं. आत पाणी गेलं होतं. वळवाच्या पावसात वरचा पत्रा गळत होता आणि कुणी लक्ष दिलं नव्हतं. सर आणि अजिम दोघांनी मिळून तासभर खटपट केली. डिझेल ओतलं, लाकडी हातोडीनं हळूहळू ठोकलं, चक धरून मागंपुढं हलवलं. सर चक सोडेनात.

"सर, राहू द्या," अजिम म्हणाला.

"मार्चपर्यंत चालत व्हतं."

"असेल. आता नाही चालत."

सरांनी चक सोडला. टेबलापाशी जाऊन स्टुलावर बसले. अजिमही टेबलाच्या पायाला टेकून खाली बसला. दोघांचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. मग सर म्हणाले, "आमची पोरं म्हनत्यात, आबा आता घरी बसा. तीस जूनला सुटतोयच मी. घरी बसून करू काय, ते कोन सांगत न्हाई."

"रान नाही का?"

"रान कुठलं. ते मागं अठरा मजली दिसतंय न्हवं, ते आमचं रान."

बाराला हिंदुराव आले. जाड, पांढऱ्या शर्टातला, घाम पुसणारा माणूस. त्यांनी सरांना नमस्कार केला, दोन नंबरवर कापलेला रॉड हातात फिरवून पाहिला, पाच नंबर चालू करायला लावलं, वाकून कान दिला.

"दोन आणि पाच बाजूला ठेव," ते अजिमला म्हणाले. "बाकीची ने."

"सात नंबर दुरुस्त होईल, शेठ. वेळ दिला तर."

"वेळ कुठंय, भावा."

धनेशनं पट्टे लावले. एकेक मशीन जमिनीवरून सुटताना जुनं काँक्रीट कडाकडा तडकायचं आणि खाली स्वच्छ चौकोन उरायचा. सर शेवटपर्यंत उभे होते. मोडायच्या मशिनांची लेबलं त्यांनी स्वतः सोडली, सुतळीच्या गाठी नखानं उकलून, आणि एकावर एक ठेवून अ‍ॅप्रनच्या खिशात घातली. संध्याकाळी पाचच्या सुमारास ट्रक भरला. अजिम त्यांच्या पाया पडायला वाकला तर कंबर अर्ध्यातच अडली. सरांनी त्याचा दंड धरला.

"राहू दे. पाठ जपत जा," ते म्हणाले. "तुझा नंबर दे."

मोडायचं काम पुढच्या आठवड्यात भोसरीच्या शेडमध्ये झालं. अजिम तिथं होता, कारण तेच त्याचं काम होतं. सहा बेड, सहा हेडस्टॉक. दीड दिवस लागला.

दोन नंबरला पंधरा दिवसांत गिऱ्हाईक मिळालं. तळेगाव एमआयडीसीत अफताब शेख म्हणून एक जण बुश बनवतो, एकट्याचीच शेड आहे, त्यानं नेलं. पाच नंबरला कुणी विचारलं नाही. पावसाळाभर ते शेडच्या कोपऱ्यात प्लास्टिकखाली उभं राहिलं.

सर तीस जूनला निवृत्त झाले. कार्यक्रमाचं अजिमला कुणी कळवलं नाही आणि त्यालाही चौकशी करायचं सुचलं नाही, त्या दिवशी तो रांजणगावला होता. जुलैत एका दुपारी त्यांचा फोन आला.

"मुलाणी का? पवळे बोलतोय. पाच नंबर इकलं का?"

"नाही, सर. अजून आहे."

"बेडला ग्रीस लावून ठेव. न्हाईतर पावसाळी हवेनं खाईल."

"लावतो."

"दोन नंबरवाला कसा हाय मानूस? राखतो का नीट?"

"राखतो. मी जाऊन आलो एकदा."

"बरं," सर म्हणाले आणि फोन ठेवला. अजिमनं त्याच संध्याकाळी ग्रीस लावलं.

ऑगस्टमध्ये हिंदुरावांनी आणखी एका कॉलेजचा पत्ता पाठवला, चाकणच्या अलीकडचं. तिथलंही वर्कशॉप बंद झालं होतं. अजिमनं गेल्या गेल्या ऑफिसात विचारलं, की वर्कशॉप बघणारे सर कोण, त्यांना आधी बोलवाल का. ऑफिसातल्या बाईंनी सांगितलं, ते दोन वर्षांपूर्वीच सोडून गेले, किल्ली कुणाकडंय तेही माहीत नाही. मग शिपायानं कुलूप तोडलं.

आत सहा लेथ होती, एक शेपर मशीन, धूळ, आणि खिडकीत कबुतरांची घरटी. अजिमनं खिशातून खडू काढला, पण मारला नाही. पहिल्या मशिनापाशी बसला, फडक्यानं बेड पुसला आणि हातानं चक फिरवून पाहिला. जड फिरत होता, पण फिरत होता. खिशात फोन वाजला. हिंदुराव होते. हायड्रा कधी पाठवू, विचारत होते.

"थांबा, शेठ," अजिम म्हणाला. "अजून बघतोय."

"किती वेळ?"

"सात आहेत. लागेल तेवढा."

फोन ठेवून तो दुसऱ्या मशिनाकडं सरकला.